कव्हर काढलेला आहेर

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार मदनशेठचे आहेत. हे मी आईसमोरही म्हणतो आणि आईची त्याला हरकत नसते. आमच्या तालुक्याच्या गावात बसस्टँडकडून बाजाराकडे वळलं की उजव्या हाताला त्यांचं कापडाचं दुकान लागतं. गावाचं नाव लिहीत नाही. या लेखात येणारे दुकानदार अजून आपापल्या दुकानात बसलेले असतात आणि मला रोज त्यांच्यासमोरून जावं लागतं.

मी सेनगाव तालुक्यातला, तिथल्या गोरेगावच्या पलीकडच्या खेड्यातला. घरात माझ्याआधी कोणी दहावीची पायरी ओलांडली नव्हती. कॉलेजसाठी इथे आलो तेव्हा राहायला जागा नव्हती आणि हाताला काम हवं होतं. मदनशेठनी दोन्ही दिलं. सकाळी कॉलेज, दुपारपासून दुकान, आणि झोपायला दुकानाचा पोटमाळा, कापडाच्या ताग्यांच्या मधोमध. परीक्षा जवळ आल्या की शेठ मला खाली उतरूच द्यायचे नाहीत. दुकानात कितीही गर्दी असो, शिडीपाशी उभे राहून वर ओरडायचे, "बाल्या, वाचल्याचा आवाज येऊ दे! झोपलास तर शिडीच काढून घेतो."

माझं नाव बालाजी. बाल्या म्हणणारे घराबाहेर तेवढे एकच.

त्याच वर्षी दुकानात दिलीप लागला. जवळच्या बंजारा तांड्यावरचा. आम्ही बरोबरीचे. तो बारावीला अडकला, पुन्हा बसला, पुन्हा अडकला आणि मग हात जोडून म्हणाला, "शेठ, मला तुमची गादीच बरी." मी बी.एस्सी. झालो, परीक्षा दिल्या आणि स्वच्छता निरीक्षक म्हणून नगरपरिषदेच्या नोकरीत लागलो. नेमणुकीचा कागद आला त्या दिवशी शेठनी बाजारात दुकानोदुकानी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पाया पडायला गेलो, तर ते गादीवरून उठून उभे राहिले.

"या साहेब, बसा. दिल्या, साहेबांना चहा सांग."

त्या वेळी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. काही वर्षं बाहेरगावी काढून बदलीने याच गावात परत आलो तेव्हाही तेच. साहेब, बसा, चहा. आणि तिकडे, "दिल्या, गधड्या, हा तागा कोणी उलटा ठेवला?" दिलीप हसत हसत तागा सरळ करायचा. मी बाकावर बसून कपबशी सांभाळायचो आणि मला त्या गधड्या शब्दाचा हेवा वाटायचा.

मला हेवा लवकर वाटतो, हे आधीच सांगितलेलं बरं. शेजारच्या तालुक्यात माझ्याच बरोबर लागलेला एक निरीक्षक आहे. त्याचा फोटो पेपरात आला की त्या दिवशी माझं जेवण कमी होतं. पण दिलीपचा हेवा वेगळा. तो जेवताना नाही, रस्त्याने चालताना वाटतो.

आता कामाबद्दल. स्वच्छता निरीक्षक म्हणजे काय, हे लोकांना मी दुकानात शिरलो की कळतं. घंटागाड्या वेळेवर सोडणं, ओला आणि सुका कचरा वेगळा करून घेणं, नाल्या उपसून घेणं, कचरा डेपोवर लक्ष ठेवणं, आणि प्लॅस्टिकबंदी आल्यापासून दुकानांतून पिशव्या शोधून जप्त करणं आणि दंडाची पावती फाडणं. आपल्या राज्यात प्लॅस्टिकची कॅरीबॅग कोणत्याही जाडीची चालत नाही. ताटं, वाट्या, ग्लास, चमचे, थर्माकोल हेही नाही. मात्र कारखान्यातच माल भरून बंद झालेलं वेष्टन चालतं. बिस्किटाचा पुडा चालतो, दुधाची पिशवी ठरावीक जाडीची असेल तर चालते. तो कचरा ज्या कंपनीने माल बाजारात आणला तिच्या जबाबदारीचा. कंपनीने सरकारकडे नोंद करायची आणि जेवढ्या वजनाचं वेष्टन विकलं तेवढ्या वजनाचं प्लॅस्टिक पुन्हा वापरात आणवून तसं प्रमाणपत्र घ्यायचं. कायदा चांगला आहे, मी त्याची बाजू आजही घेतो. फक्त ते प्लॅस्टिक आमच्याच गावातून उचललं पाहिजे असं त्यात कुठे नाही. देशात कुठेही उचललं तरी हिशेब जुळतो. आमच्या डेपोवरचा ढीग त्या हिशेबाच्या बाहेर वाऱ्यावर उडत राहतो.

हे भाजीबाजारातल्या गयामावशीला समजावून सांगताना माझी काय दशा झाली ते सांगतो. पालेभाजी विकणारी ही बाई. मी तिच्या पिशव्यांच्या गठ्ठ्याला हात घातला, तर तिने शेजारच्या टपरीकडे बोट केलं.

"माही पिशवी गुन्हेगार, अन् त्या वेफरच्या पुड्या हारावानी टांगल्यात त्या कोण? पाव्हण्या?"

"मावशी, त्या कंपनीनं भरलेल्या आहेत. त्यांचा कचरा कंपनीनं परत घ्यायचा."

"येते का कंपनी घ्यायला?"

"थेट नाही येत. दुसरीकडून कुठूनतरी तेवढाच घेते."

"मंग माह्याकडून बी दुसरीकडूनच घ्या," असं म्हणून तिने गठ्ठा बुडाखाली सारला आणि वर बसली. पिशवी जप्त करायचा अधिकार मला आहे. मावशीला उठवायचा नाही. मी पुढच्या दुकानाकडे वळलो.

बसस्टँडवरचा भजेवाला तर मलाच सल्ला विचारायचा. "साहेब, भजे कागदात देतो, मंजूर. चटणी काय गिऱ्हाइकाच्या खिशात ओतू?" मी म्हणालो, डबा आणायला सांग. तो म्हणाला, "सांगितलं. ते म्हणतेत, डबा घरून आणायचा तर भजे बी घरीच नाही का तळणार?" पुढे त्याने चटणी पळसाच्या पानाच्या द्रोणात द्यायला सुरुवात केली आणि भज्याचा भाव वाढवला. दोन्ही चाललं.

अशी कामं हळूहळू होतात. पिशव्या बंद होतात, पुन्हा डोकं वर काढतात, आपण पुन्हा जातो. पण लग्नसराई आली की डेपोवर एक वेगळाच माल यायला लागायचा. पातळ, पारदर्शक, चरचर वाजणारी कव्हरं. टॉवेल-टोपीची, ब्लाऊजपीसची, शालींची. जेवणावळीच्या उष्ट्यात माखलेली, त्यामुळे भंगारवालाही हात लावत नसे. कोरी असती तर त्याने आनंदाने नेली असती. हे त्यानेच मला सांगितलं आणि तिथून माझ्या डोक्यात योजना शिरली.

आमच्याकडच्या लग्नातला आहेर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लग्नात पाहुण्यांना मान द्यायचा तो टॉवेल-टोपीचा, बाईमाणसांना पीस. तो टॉवेल कोणी अंग पुसायला काढत नाही. कपाटात ठेवतात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला देतात. तो तिसऱ्याला देतो. एकच टॉवेल-टोपी सेनगावहून निघून कळमनुरीपर्यंत फिरून परत येते. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. अट एकच, कव्हर शाबूत पाहिजे. माझ्या स्वतःच्या घरी काय होतं? प्लॅस्टिकबंदीच्या मोहिमेचं चांगलं काम केलं म्हणून कार्यालयात माझा सत्कार झाला, तेव्हा शाल कव्हरसकटच खांद्यावर ठेवली होती. बायकोने ती तशीच कपाटात ठेवली आणि मेव्हण्याच्या साखरपुड्यात त्याच्या सासऱ्यांना दिली. एवढं डोळ्यांसमोर घडूनही मला काही सुचलं नाही.

योजना अशी की दुकानदारांनी आहेराची कव्हरं दुकानातच काढायची, कोरी ठेवायची आणि एकगठ्ठा भंगारात द्यायची. कायद्याने तशी सक्ती नव्हती. कव्हर कारखान्याचं, जबाबदारी कारखान्याची. पण मला वाटलं, जिल्ह्यात कोणी केलं नाही ते आपण करू. त्या शेजारच्या निरीक्षकाचाही फोटो डोळ्यांपुढे होताच. आणि खरं सांगायचं तर मदनशेठनी एकदा तरी गादीवर थाप मारून म्हणावं, असं वाटत होतं, की पोरानं काम केलं.

कापड दुकानदारांची बैठक घेतली. सगळे माना हलवत होते, होय कोणी म्हणत नव्हतं. शेवटी मदनशेठ उठले. ते व्यापाऱ्यांत वडीलधारे. म्हणाले, "साहेबांनी सांगितलं म्हणजे विचार करूनच सांगितलं असंल. बाकीच्यांचं बाकीचे बघतील. आपल्या दुकानात उद्यापासून सुरू."

आणि खरोखरच त्यांनी सराईसाठी आलेल्या साऱ्या मालाची कव्हरं काढली. शेठ, दिलीप, घरच्या बायका, सगळे बसले. कोऱ्या कव्हरांची पोती भंगारवाल्याकडे गेली. मी फोटो काढले.

पहिला बस्ता आला तेव्हा मी मुद्दाम दुकानात जाऊन बसलो. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी. दोन्हीकडची माणसं जीप भरून येतात, गादीवर पसरतात, दिवसभर चहा-जेवण दुकानदाराकडे. साड्या झाल्या, नवरदेवाचे कपडे झाले. मग मुलीच्या मामांनी आहेर काढायला सांगितला. दिलीपने टॉवेल-टोप्यांचा गठ्ठा समोर ठेवला. मामांनी एक टॉवेल उचलला, उलटापालटा केला, वास घेतला.

"शेठ, हे कोणाच्या घरून आलं?"

"घरून काहून? सोलापूरचा माल हाय, मामा. कोरा."

"मंग कव्हर कुठं हाय?"

"काढलं. प्लॅस्टिकबंदी चालू हाय ना. हे आमचे साहेब बसलेत, विचारा त्याह्यला."

मामा माझ्याकडे वळले. आवाज अगदी सौम्य. "साहेब, तुमी शिकलेले. मी उघडा टॉवेल व्याह्याच्या हातात देला तं तो काय म्हनंल? म्हनंल, नवरदेवाला हळदीच्या आंघोळीला घेतला अन् वाळवून मला देऊन राहिले."

"अहो, पण नवा आहे तो."

"मला कळून राहिलं नवा हाय. त्याला कसा कळंल? अन् त्यानं पुढं कोणाला द्यायचा?"

पाठीमागच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मामांनी माणसांना खूण केली. साड्या तिथेच ठेवून, चहा पिऊन झालेल्या कपबशा ओलांडून, सगळा बस्ता रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. त्या दुकानदाराने बैठकीत सगळ्यात जास्त मान हलवली होती. कव्हर त्याने एकही काढलं नव्हतं.

उठून गेलेल्या बस्त्याची बातमी गावोगाव जायला फार वेळ लागत नाही. मदनशेठकडे वापरलेला आहेर देतात, असं झालं. कव्हरं परत घालावीत तर ती कधीच भंगारात गेलेली. सराई तोंडावर आणि दुकानात माशा.

मी शेठकडे गेलो. रस्त्यात वाक्यं जुळवत होतो. त्यांनी शिव्या द्याव्यात, गल्ल्यावर हात आपटावा, याची तयारी केली होती. त्यांनी मला पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"या साहेब. चालायचंच. धंदा म्हटलं की वर-खाली होतं. तुम्ही मनाला तकलीफ करून घेऊ नका." आणि मान वळवून दुकान दणाणेल अशा आवाजात, "दिल्या! गधड्या! सारी जिंदगी आहेर विकण्यात गेली, तुला तरी कळाया पाहिजे होतं ना! माझा हात काहून धरला न्हाई?"

"चुकलं शेठ," दिलीप म्हणाला.

योजना माझी, बैठक माझी, फोटो माझे, आणि बोलणी खाल्ली दिलीपने. माझ्या वाट्याला चहा आला, आल्याचा. माझी चूक तोंडावर सांगावी एवढ्या लायकीचाही मी त्यांना वाटलो नाही, असं मला वाटलं.

यापुढे जे झालं ते कोणाच्या डोक्यातून आलं नाही, हे मला ठासून लिहायचं आहे. दिलीपच्या तर मुळीच नाही. कव्हर गेल्यामुळे टॉवेल एकीकडे, टोपी दुसरीकडे, पीस तिसरीकडे घसरत होतं, जोड्या मोडत होत्या. म्हणून त्याने गठ्ठे तांड्यावर आईकडे नेले. त्या माउलीने टॉवेल-टोपीतून आरपार लाल-पिवळ्या दोऱ्याचा एकेक टाका घातला आणि आपल्या तांड्याच्या पद्धतीची गाठ मारली. जोड्या सुटू नयेत, एवढंच. पिसांनाही तसंच केलं.

मग कळमनुरीकडची एक आजी दुकानात आली. नातीच्या लग्नाचा आहेर बघायला. मी दुकानात नव्हतो, पण हे मला दिलीपने, शेठच्या सूनबाईने आणि समोरच्या पानवाल्याने वेगवेगळं सांगितलं आहे आणि तिघांचं जुळतं. आजीने टॉवेल-टोपी हातात घेतली, टाका ओढून पाहिला.

"ह्यो टाका तोडल्याबिगर टोपी निघत न्हाई ना रे लेकरा?"

"न्हाई आजी."

"परत तसा घालता येत असंल?"

"आमच्या तांड्याबाहेर कोणाला येत न्हाई ती गाठ."

"मंग बेस झालं. कव्हराचं काय सांगतोस, लोक टॉवेल वापरतेत, धुतेत अन् कव्हरात घालून चिकटवून देतेत. ह्यो टाका हाय तोवर कोरा. बांध सगळं."

ज्या दिवशी ती आजी घरी पोचली त्या दिवसापासून वारं फिरलं. लोक दुकानात येऊन विचारायला लागले, "टाक्याचा आहेर हाय का?" कव्हरातल्या आहेराकडे संशयाने बघायला लागले. समोरच्या दुकानदारालाही कव्हरं काढावी लागली आणि टाका घालून द्या म्हणून तांड्यावर जावं लागलं. तांड्यातल्या बायकांना काम मिळालं. कोरी कव्हरं पोत्यांनी भंगारवाल्याकडे गेली. पुढच्या सराईत डेपोवर ती चरचर ऐकू आली नाही.

माझी योजना यशस्वी झाली. फक्त ती माझी राहिली नाही.

पेपरात दिलीपचा आणि त्याच्या आईचा फोटो आला. जिल्ह्याहून मोठे अधिकारी आले, मंडप घातला, सत्कार ठेवला. दिलीपची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी उत्पादकाच्या जबाबदारीवर बरंच बोललो, लोक चुळबुळ करायला लागले. मग दिलीप उभा राहिला. म्हणाला, "साहेबांनी कव्हरं काढायला लावली नसती तं माह्या मायचा टाका कोणी बघितला असता? अन् मला काही सुचलं-बिचलं नव्हतं, गठ्ठे घसरून राहिले होते." टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याची शाल मीच त्याच्या खांद्यावर घातली. त्या शालीलाही टाका होता. खाली पहिल्या ओळीत मदनशेठ बसले होते. ओरडले, "दिल्या, नीट उभा राहा की, गधड्या! फोटो काढून राहिले!" सगळा मंडप हसला.

माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. मी हेवा करायचा आणि त्याने माझं नाव घेऊन आभार मानायचे, हे फार जड जातं.

त्यानंतर मदनशेठचे गुडघे गेले. मुलगा पुण्याला असतो. तो त्यांना घेऊन गेला, सूनबाई आधीच तिकडे राहायला गेली होती. दुकान दिलीप बघत होता. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस शेठचा फोन आला. आवाज थकलेला, पण शब्द तेच.

"साहेब, एक सल्ला पाहिजे. दुकान दिलीपच्या हवाली करावं म्हणतो. पोराला तर तिकडं यायचं न्हाई. तुम्ही शिकलेले, कायदा जाणता. करू का नको, तुमचं मत सांगा. फोनवर अर्धं ऐकू येत न्हाई मला, लिहून पाठवा."

मी लिहितो म्हणालो आणि लिहिलं नाही. कार्यालयात काम होतं, घरी काम होतं. नंतर काही काम नसतानाही लिहिलं नाही. दिलीप रोज रस्त्यात भेटत होता, हात वर करत होता. त्याला या फोनची काही कल्पना नव्हती. माझ्या एका ओळीवर त्याचं सगळं पुढचं आयुष्य अडलेलं होतं, आणि मला ते माहीत असणं काही दिवस बरंही वाटत होतं. शेवटी दसरा झाल्यावर बसलो आणि पत्र लिहून टाकलं. ते असं.

तीर्थरूप मदनशेठ यांस,
बालाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही मत विचारलंत म्हणून आधी मत लिहितो. दुकान दिलीपच्या हवाली करा. गिऱ्हाईक त्याला ओळखतं, सोलापूरचे व्यापारी त्याच्या शब्दावर माल पाठवतात, आणि तुमच्याखालोखाल त्या गादीवर तोच बसला आहे. कागदपत्रं कशी करायची ते मी वकिलांना विचारून ठेवलं आहे. तुम्ही फक्त सही करायला या. साहेबाचं मत एवढंच.

आता बाल्याचं ऐका. हे चार शब्द लिहायला मी एवढे दिवस लावले, कारण मला ते लिहायचे नव्हते. दुकान मला नको, मला ते चालवताही येणार नाही. तरी ते दिलीपला मिळतं याचा मला त्रास होतो. मत लिहिल्यावर त्रास कमी होईल असं वाटलं होतं, तसं झालेलं नाही. कव्हरं मी काढायला लावली, बस्ता माझ्यामुळे उठला, आणि ओरडलात तुम्ही त्याच्यावर. मला चहा पाजलात. शेठ, त्या दिवशी तुम्ही मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. अजून बोलायला पाहिजे.

दिलीपला यातलं काही सांगू नका. तो हसेल आणि मला जेवायला तांड्यावर घेऊन जाईल, म्हणजे आणखी पंचाईत.

दिवाळीत मला सुट्टी आहे आणि त्या गर्दीत दुकानात माणूस कमी पडतो. मी घड्या घालायला जाणार आहे, दिलीपला तसं कळवलं आहे. तुम्हीही याल असं तो म्हणाला. आलात की गादीवरून उठू नका, गुडघ्यांना बरं नाही. मला काही विचारू नका, काम सांगा. बऱ्याच वर्षांत साडीला हात लावलेला नाही, त्यामुळे घड्या वाकड्या पडणार आहेत. तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बोला.

आपला,
बालाजी